पिंजाऱ्यांच्या बोळातली विहीर

ता. १० मार्च १९१२

सोड्याचं यंत्र लागलं एकदाचं. मुंबईहून आगगाडीने आलं, स्टेशनवरून बैलगाडीने आलं आणि बोळाच्या तोंडाशी येऊन अडकलं. मंगळवार पेठेतला हा बोळ गाड्यांसाठी केलेलाच नाही. शेवटी समोरचा अमीन पिंजारी कापूस पिंजायचा थांबवून उठला, आणि आम्ही दोघांनी ते धूड परड्यात आणून बसवलं. त्याला पाणी देऊ का विचारलं, तर म्हणाला, "आमच्याच हिरीचं पाणी आमास्नी काय इचारताय पावणं?"

खरंच आहे. परडं मी भाड्याने घेतलं, त्यात विहीर आली. पण सगळा बोळ पिढ्यान्‌पिढ्या तिच्यावर पाणी भरतो. जागेचे मालक आण्णा यांनी भाडेपट्टीत तसं घालूनच घेतलं आहे, की फाटक दिवसा उघडं राहील. माझी काही तक्रार नाही. उजाडल्यापासून रहाट वाजतो, बायका भांडतात, पोरं ओरडतात. बायको, सगुणा, गेल्यापासून नेसरीचं घर इतकं गप्प झालं होतं, की मी तिथून निघालो तो त्या गप्पपणाला भिऊनच. थोरल्या भावाला वाटतं, मला शेतीचा कंटाळा आला.

ही जागा घेतली ती पाण्यासाठी. डाळ लगेच शिजते, साबणाला फेस धरतो. सोड्याला असंच पाणी लागतं.

लिहायचं ठरवलं आहे. बोलायला कोणी नाही, हे त्याचं कारण.

ता. १९ मार्च, पाडवा

गुढी उभारली नाही. एकट्यासाठी काय उभारायची, असं मनात आलं.

दुपारी अमीनची आई आली. शहाजादी तिचं नाव, बोळ तिला चाची म्हणतो. केसांत कापसाचे तंतू, कमरेत वाकलेली, आवाज मात्र चौकात ऐकू जाईल असा. गुढी का नाही, म्हणून मला दारात उभं करून बोलली. मग यंत्राकडे बोट करून विचारू लागली, यातून काय निघतं. मी गोळी आत ढकलून एक बाटली फोडून दिली. पहिला घोट नाकात गेला. ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, आणि म्हातारी हसत सुटली.

"ह्यात पाणी कमी आन् वारंच जास्त हाय की," म्हणाली.

सगुणा गेल्यानंतर माझ्या दारात कोणी हसलं नव्हतं.

ता. ४ एप्रिल

ऊन वाढलं तसा धंदा वाढला. पेठेतल्या तालमीतले पैलवान, पलीकडचे दुकानदार, कचेरीतून परतणारे कारकून, सगळे येतात. बाटली पितात, ढेकर देतात, जातात. नाव कोणी विचारत नाही. मी 'सोडावाला' झालो आहे.

चाची मात्र रोज संध्याकाळी विहिरीवरच्या धुण्याच्या दगडावर येऊन बसते. नात असते बरोबर, बेगम, सहा-सात वर्षांची असेल. ती एका जागी ठरत नाही. चाची मला सगुणाबद्दल विचारते. असं कोणी विचारलं नव्हतं. मी सांगतो.

विहिरीच्या वरच्या अंगाला पेरूची बाग होती, ती आण्णांनी तोडली. तिथे चाळ उठते आहे. गिरणीत कामाला माणसं येत आहेत खेड्यापाड्यांतून, त्यांना जागा हवी. आज आण्णा काम बघायला आले होते. माझ्या भिंतीला लागून संडासांची रांग आहे, तिचे खड्डे त्यांनी मुद्दाम खोल घेतले. म्हणाले, खाली मुरूम आहे, तो सगळं पिऊन टाकतो, उपसायची कटकट जन्मात नाही. आण्णांचं डोकं चालतं. उगीच त्यांच्या चार इमारती झाल्या नाहीत.

ता. २१ एप्रिल

चाळ भरली. आता दुपारी माझ्या फाटकाशी उभं राहायला जागा नसते. बाटल्या कमी पडतात.

सकाळी पहिल्या घागरीला थोडा वास येतो. पेरूची मुळं कुजत असतील. लिंबाचा अर्क जरा जास्त घालतो, कळत नाही. एक बरं झालं आहे. हल्ली फेस दाट येतो आणि टिकतो. गिऱ्हाईक खूश.

चाची म्हणाली, पाण्याची चव उतरली. मी म्हणालो, चाची, वय झालं, जिभेची चव उतरली असेल. तिने माझ्या पाठीत धपका घातला.

ता. २ मे

चाळीत पोटं बिघडली आहेत. उन्हाळ्यात असं होतंच. लोक सोड्यासाठी येतात. पोटाला सोडा बरा, हे सगळ्यांना ठाऊक आहे. चाळीतली बायडाबाई तिच्या धाकट्यासाठी रोज बाटली न्यायची. मी तिच्याकडून काही घेतलं नाही. आपल्या हातून कोणाचं बरं होतंय, असं वाटून झोप चांगली लागत होती.

आज तिने रिकामी बाटली आणून ओट्यावर ठेवली. पोरगं गेलं, म्हणाली. वर मलाच धीर दिल्यासारखं म्हणाली, "शेवटाला तुमचा सोडा तेवढा पोटात ठरला, बगा."



ता. ६ मे

म्युनिसिपालिटीचा माणूस आला आणि विहिरीत लाल औषध टाकून गेला. पेठेत पटकीचे रोगी निघाले आहेत म्हणे, सगळ्याच विहिरींत टाकतात. पाणी गुलाबी झालं. सोडाही गुलाबी झाला. एका कारकुनाने बाटली उन्हात धरून बघितली आणि परत ठेवली. त्याचं बघून बाकीचे गेले.

दोन गडी लावून दिवसभर उपसा केला. संध्याकाळी पाणी पुन्हा स्वच्छ. एवढ्या उन्हाळ्यात एक दिवस फुकट गेला. बोळातल्या बायकांनी मात्र मला दुवा दिला, त्यांनाही ते रंगीत पाणी नको होतं.

ता. १० मे

चाची आज आली नाही. बेगम एकटी आली आणि सांगून गेली, की दादीचं पोट दुखतंय. अमीनजवळ बाटल्या दिल्या. म्हटलं, थोडा थोडा पाजत राहा, पाणी नुसतं देऊ नको, सोडाच दे.

ता. ११ मे

दिवसभर बाटल्या दिल्या. बाहेरच्या गिऱ्हाइकांना नाही म्हणालो. अमीन घ्यायला येतो, रिकाम्या ठेवतो, भरलेल्या नेतो.  मी आत डोकावून आलो. तिने मला ओळखलं. आवाज बसला होता. ओठ हलवून काहीतरी म्हणाली. चेष्टाच असावी, कारण डोळे हसले.

ता. १३ मे

काल सकाळी चाची गेली. मी जनाज्याला खांदा दिला.

बोळात पिंजणाच्या तारेचा आवाज नाही. मी यंत्र चालवलं, तर त्याचाच आवाज मोठा वाटला, म्हणून बंद केलं.

ता. १७ मे

धुण्याच्या दगडावर दुसरी एक बाई बसली होती. उठा म्हणणार होतो. मग लक्षात आलं, मला तसं म्हणायचा काय अधिकार?

ता. २४ मे

विहिरीचं पाणी तळाला गेलं. घागरी गाळाला लागू लागल्या, म्हणून गाळ काढायला गडी बोलावले होते. ते आले नाहीत. मीच उतरलो. चिऱ्यांत पाय ठेवायला खाचा आहेत.

खाली थंड होतं. जुना झरा खालच्या अंगाला आहे, बोटाएवढा, आणि स्वच्छ. पण वरच्या अंगाला, चाळीकडच्या बाजूला, मुरमाच्या पोटातून दुसरा एक पाझर लागला आहे. भिंत तिथे काळी, बुळबुळीत झाली आहे. मी हात लावला. मग हात नाकाशी नेला.

किती वेळ खाली उभा होतो, कळलं नाही. वरून कोणीतरी बाई हाक मारत होती, की पावणं, झालं का, घागर सोडू का.

ता. २५ मे

यंत्र चालवलं नाही.

ता. २८ मे

आज आण्णांकडे गेलो. पाझराचं सांगितलं. म्हणालो, खड्डे बुजवा, संडास दुसऱ्या अंगाला घ्या. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. चहा मागवला. मग म्हणाले, पाणी तर आरशासारखं दिसतं, बोळ पन्नास वर्षं पितो आहे, आणि आजवर कोणाचं गाऱ्हाणं नाही.

मी म्हणालो, माणसं मेली आण्णा.

ते म्हणाले, "मेली न्हवं? मग मी सांगू लोकास्नी पाण्यानं मेली म्हणून? सगळ्यात जास्त पाणी कुणी पाजलं, ते लोक इचारतील. तुमीच इचार करा."

चहा तसाच ठेवून उठलो.  आण्णांचा राग आला म्हणून नव्हे. ते खोटं बोलले नव्हते.

ता. ३ जून

आज सगळं झालं, ते जसं झालं तसं लिहितो.

अमीनची बायको नजीरा फाटकाशी आली. बेगमला दोन दिवस जुलाब होत आहेत. तिला एक बाटली हवी होती. मी म्हणालो, यंत्र बंद आहे. तिने आत बघितलं. भरलेल्या बाटल्या ओळीने उभ्या होत्या, मागच्याच.

"सासूला देत हुता की हात सैल सोडून," ती म्हणाली. "माज्या लेकीला एक जड झाली व्हय?"

मी म्हणालो, पाणी उकळून द्या तिला. हवं तर मी हमरस्त्यावरच्या नळाचं, कळंब्याच्या तळ्याचं पाणी आणून उकळून देतो. तिने पदर ओढून घेतला आणि गेली.

मग मला राहवलं नाही. तिच्या मागोमाग गेलो. अमीन पिंजत बसला होता. त्याच्यासमोर बसलो आणि सांगून टाकलं. चाळीचे खड्डे, पाझर, वास. हातांनी दाखवलं, घाण कशी उतरते ते. तो पिंजत राहिला. कापूस उडत होता. मी बोलायचा थांबलो, तेव्हा त्याने पिंजण बाजूला ठेवलं.

"मग माजी आई?" त्याने विचारलं.

मी मान खाली घातली.

त्याने मांडीवरचा कापूस झटकला. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, "तिला बाटली मी पाजली. तोंड उघडून, मांडीवर डोकं घिऊन, मी पाजली. तुमी असलं पुन्ना बोलू नगासा. पाणी चांगलं हाय. तिची वेळ आलती."

मी उठलो. संध्याकाळी नजीरा घागर घेऊन विहिरीवर आली. मला दिसेल अशी तिने ती भरली.

ता. ५ जून

फाटकाला कुलूप लावलं. सकाळीच बायका जमल्या. नळ लांब आहे, तिथे रांग असते, बारीकसारीक पोरं टाकून कोण जाणार? हे सगळं खरंच आहे. मी गजाआडून सांगत होतो, की पाण्यात घाण उतरते. एकजण म्हणाली, याला सगळं पाणी सोड्याला हवंय. दुसरी म्हणाली, मग स्वतः विकत कशाला होता इतके दिवस? बायडाबाई मागे उभी होती. ती नुसती माझ्याकडे बघत होती. तिच्या नजरेला नजर द्यायचं माझ्याने झालं नाही.

दुपारी आण्णांची माणसं आली. त्यांनी फाटकच काढून नेलं. भाडेपट्टीतली अट दाखवली. लोकांनी आण्णांना दुवा दिला.

बेगम अंथरुणावरच आहे. तिच्या रडण्याचा आवाज आधी बोळापलीकडे यायचा, आज येत नाही.

ता. ७ जून

उजाडताना, पहिली घागर यायच्या आत, घासलेटचे दोन डबे विहिरीत ओतले.

आधी वाटलं होतं, हात धजणार नाही. धजला. डबा रिकामा होताना गटगट आवाज येत होता. पाण्यावर रंग पसरले, मोराच्या पिसासारखे. मी बाजूच्या दगडावर बसून राहिलो. पळून जावं, असं मनात आलं नाही. पहिली नजीराच आली. तिने रहाट सोडला, घागर वर घेतली, वास आला आणि तिने घागर टाकली.

मग सगळा बोळ आला, चाळही आली. मारलं मला. फार नाही. अमीन आला आणि त्याने लोकांना बाजूला केलं. मला वाटलं, काही बोलेल. तो माझ्या तोंडावर थुंकला आणि घरी गेला.

आण्णा पोलीस आणतो म्हणाले. मी म्हणालो, आणा, त्यांना खड्डेही दाखवू.  पोलीस आले नाहीत.

ता. १२ जून

बायका आता हमरस्त्याच्या नळावर जातात. उन्हातून येतात, माझ्या दारावरून जाताना थांबतात आणि मोठ्याने शिव्या देतात. डोक्यावर दोन-दोन घागरी असतात. मी आत बसून ऐकतो. दुसरं कोणी बोलत नाही माझ्याशी. शिव्या का होईना, आवाज माणसाचा असतो.

नळावर मी पाण्याला गेलो, तर रांग माझ्यामागे तुटली. माझ्या घागरीला घागर लागू नये, म्हणून.

ता. ३० जून

पाऊस बरा आहे. विहीर भरत आली. घासलेटचा वास उतरला होता. काल चाळीतला एक माणूस पाण्याचा वास घेताना दिसला. आज आणखी एक डबा ओतला. आता सगळ्यांदेखत ओततो. कोणी अडवत नाही. वेडा झाला म्हणतात.

थोरल्या भावाचं पत्र आलं. इकडची काहीतरी वार्ता त्याच्या कानावर गेली असावी. नेसरीला यायला बंदी नाही, पण आताच नको, असं लिहिलं आहे. आमच्या चुलत्याचा पोरगा राधानगरीला धरणाच्या कामावर आहे, तिकडे बघ, असंही लिहिलं आहे. बघेन. पण आत्ता इथून हललो, तर दुसऱ्या दिवशी रहाट फिरेल.

ता. १४ जुलै

यंत्र विकलं. सांगलीकडचा माणूस होता. पाणी कसं आहे, म्हणून त्याने सहज विचारलं. मी म्हणालो, तुमचं तिकडचं बघून घ्या आधी, विहिरीच्या आसपास काय आहे ते नीट बघा. त्याला वाटलं, मी धंद्यातली काहीतरी खुबी लपवतोय.

यंत्राच्या जागी जमिनीवर चार गोल डाग राहिले आहेत. जेवायला तिथेच बसतो.

ता. ९ ऑगस्ट

आण्णा परड्यात आले होते. बरोबर गवंडी होता. विहिरीकडे बघून म्हणाले, नासक्या विहिरीचं काय करायचं, बुजवली तर वर दोन खोल्या निघतील. भाडेकरू तयारच आहेत. मला म्हणाले, तुमचा आता काही उपयोग नाही इथं, पट्टी संपवू.

मी खाली बघून मान हलवली. त्यांना वाटलं, मला वाईट वाटलं.

ता. २२ ऑगस्ट

दोन दिवस दगडमाती पडते आहे. हमरस्ता रुंद करताना पाडलेल्या भिंतींचा मलबा गाड्या भरून आणतात आणि ओततात. आधी धपकन पाण्याचा आवाज यायचा, मग नुसता दगडावर दगड. रहाट काढून भिंतीला टेकवून ठेवला आहे. बोळातली म्हातारी माणसं येऊन बघून जातात. एकाने विहिरीला हात जोडले.

अमीनही आला होता. कडेला उभा राहिला. मीही होतो, दुसऱ्या कडेला. विहीर गळ्यापर्यंत भरेपर्यंत आम्ही दोघं उभे होतो. त्याच्या मनात काय होतं, ते मला कळलं नाही. मी चाचीच्या त्या दगडाकडे बघत होतो. तोही शेवटी आत ढकलला गेला.

ता. १३ सप्टेंबर

आज ईद. बोळात सकाळपासून अत्तराचा वास आहे. शिरखुर्म्याच्या वाट्या घरोघरी जात होत्या, हिंदूंच्या घरी, चाळीतही. बायडाबाईच्या दारात नजीरा बराच वेळ बोलत उभी होती. दोघी माझ्या दाराशी आल्यावर गप्प झाल्या आणि पुढे गेल्या.

मी बोचकं बांधलं. राधानगरीकडे जाणारी एक गाडी मिळाली आहे. भाडेपट्टी संपली, विहीर बुजली, आता इथे काही राखायचं नाही.

दुपारी निघालो. बोळाच्या तोंडाशी पोरं खेळत होती, नव्या कपड्यांत. बेगम होती त्यांत. हिरवी कुडती, हातात बांगड्या. जूनमध्ये तिला मान धरवत नव्हती. तिने मला बघितलं, वाकली, खडा उचलला आणि नेम धरून मारला. नडगीवर बसला, रक्त आलं. बाकीची पोरं दचकली. ती मात्र हसली, चाचीसारखीच, मोठ्याने, आणि पळाली. बोळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, एका दमात.

गाडीवान म्हणाला, पोरीला धरू का, दोन लावू का? मी म्हणालो, नको, पळू दे.

हे गाडीत बसूनच लिहितो आहे. अक्षर हलतं आहे. नडगी अजून ठणकते, आणि मला बरं वाटतं आहे.